माझीच तूर आहे, मॅडम

काळविटाचं पोट उघडलं तेव्हा शेजारी उकिडवा बसलेला शेतकरी मान पुढे काढून आत डोकावला आणि म्हणाला, "बघा मॅडम, माझीच तूर आहे."

होती खरी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात चारा अर्धवट चावलेलाच असतो, त्यामुळे त्यानं काय खाल्लंय ते बऱ्यापैकी ओळखता येतं. गवताच्या हिरवट-पिवळ्या लगद्यात तुरीच्या कोवळ्या शेंगांची टरफलं आणि चार-सहा अख्खे दाणे दिसत होते. हिवराच्या झाडाखाली प्लास्टिकच्या कागदावर जनावर ठेवलेलं. भोवती वनरक्षक, दोन पंच, माझा परिचर आणि ज्याच्या बांधाला काळवीट मरून पडलं तो हा शेतकरी. मागच्या दोन्ही मांड्या फाडलेल्या, पोटाखालची कातडी ओरबाडलेली, मानेवर मात्र एकही दात नाही. नरडं धरणारं जनावर वेगळं आणि पळत्याच्या मागून लचके तोडणारी कुत्री वेगळी. मी मृत्यूचं कारण सांगितलं, वनरक्षकानं लिहून घेतलं.

"तुरीचंबी लिहा की त्यात," शेतकरी म्हणाला. "नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडतो."

पोटात काय सापडलं हे तसंही लिहावंच लागतं. लिहिलं. मग जनावर शिंगांसकट जाळायचं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी, त्याचा केससुद्धा मागे ठेवता येत नाही. लाकडं ओली निघाली, आग धरेना. तेव्हा तोच शेतकरी घरी गेला आणि गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा भारा घेऊन आला. शिंग जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो वास अंगाला घेऊन मी दवाखान्यात परतले तेव्हा दारात तीन म्हशी आणि एक अडलेली शेळी वाट बघत होती.

काळविटाची आणि माझी जवळून झालेली ही पहिली भेट. २०१० सालची. कर्जत तालुक्यातल्या एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते. जिल्हा तेव्हा अहमदनगर. २०२४ पासून अहिल्यानगर. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख, पर्जन्यछायेतला. पाऊस आला तर परतीचा, तोही लहरीनं. माझं मूळ काम गाई-म्हशींचं आणि शेळ्या-मेंढ्यांचं. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, आंत्रविषार यांच्या लसी टोचायच्या, कृत्रिम रेतन करायचं, अडलेली गाय मोकळी करायची. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य हद्दीला लागून होतं म्हणून वन खात्याचा फोन आला की जायचं, इतकंच. फोन यायचा तो बहुतेक मेलेल्या जनावराचा.

त्याआधी काळवीट मी पाहिलं होतं ते कातडं म्हणून. आजोबांच्या देवघरात एक जुनं कृष्णाजिन होतं. संध्येला ते त्यावर बसत, आम्हा मुलांना हात लावायची बंदी. धाकट्या भावाच्या मुंजीत त्याच्या जानव्यात कातड्याचा बोटभर तुकडा ओवलेला आठवतो. जिथे काळवीट आपणहून हिंडतं ती भूमी यज्ञाला योग्य, असं स्मृतिकारांनी म्हटल्याचं आजोबा सांगत. आमचं घर तेव्हा पुण्याच्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आपणहून हिंडणारं काही असलंच तर मांजर.

रेहेकुरीला फिरायला म्हणून मी गेले ती रुजू झाल्यानंतर चार महिन्यांनी. डोक्यात गुजरातच्या वेळावदरची छायाचित्रं होती. तिथलं राष्ट्रीय उद्यान चौतीस चौरस किलोमीटरचं, नजर पोचेल तिथवर पिवळं गवत आणि शेकड्यांनी काळविटं. रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे २१७ हेक्टर, साडेपाचशे एकरांच्याही आतच. सकाळी पायी निघालं तर न्याहारीच्या आत पलीकडच्या शिवारात पोचावं, एवढं. १९८० साली अभयारण्य झालं. आत थोडं गवत, हिवर, बाभूळ, बोर, खैर, तरवडाची पिवळी फुलं. प्रवेशाच्या कमानीपाशी उभं राहिलं की उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येतात. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण म्हणाली, "एवढंच?"

मीही मनात तेच म्हणत होते. बरोबरच्या वनमजुरानं मात्र तोंडावर बोट ठेवलं आणि खाली बसायची खूण केली. समोर दीडशे पावलांवर एक नर उभा होता. वरून काळाभोर, खालून पांढरा, डोळ्यांभोवती पांढरी कडी. हा काळा रंग वयानुसार आणि कळपातल्या मानानुसार चढतो. माद्या आणि तरणे नर पिंगटच असतात. शिंगांना चार पीळ. पायाशी लेंड्यांचा ढीग, कारण आपल्या हद्दीत नर रोज ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो आणि तिथेच उभा राहतो, मालकाच्या रुबाबात. मग त्यानं एका वाळक्या काटकीजवळ तोंड नेलं आणि डोळ्याच्या पुढच्या खाचेतला चिकट काळा स्राव तिच्या टोकाला पुसला. फार हळू, काजळाचं बोट लावावं तसं. तेवढ्यात एक मादी त्याच्या हद्दीत शिरली. नरानं मान मागे टाकली, शिंगं पाठीला टेकवली, नाकपुड्या आभाळाकडे केल्या आणि ताठ, जरा हास्यास्पद चालीनं तिच्यामागे निघाला. मादीनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती गवत खात त्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत निघून गेली. वनमजूर गालात हसला. "रोजचं हाय त्याचं," म्हणाला.

आपण सरसकट हरीण म्हणतो, पण जनावरांच्या डॉक्टरला फरक करावा लागतो. चितळ-सांबराची शिंगं दर वर्षी गळतात, नवी येतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. यांची शिंगं गाई-बकरीसारखी, आत हाड आणि वर खोळ, जन्मभर तीच. म्हणून तर काळविटाच्या आजारांची नाती माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांशी. लाळ्या-खुरकुताचा विषाणू गाईकडून काळविटाकडे जाऊ शकतो. गायरानावर दोघं एकाच डबक्यात तोंड घालतात. गावातलं लसीकरण चुकलं तर कमानीच्या आतलं जनावरही धोक्यात, हे मला त्या दिवशी गवतात बसल्या बसल्या सुचलं आणि पुढे मेंढपाळांना पटवायला बरंच कामाला आलं.

आणि पळणं. कळपाला कशाची तरी चाहूल लागली. आधी एक मादी जागच्या जागी चारही पायांवर उंच उडाली, मग दुसरी, मग सगळाच कळप उड्या घेत सुटला. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत हे जनावर पळतं. एवढ्या वेगाची गरज लांडग्यासाठी नाही, कुत्र्यासाठी तर नाहीच. ती चित्त्यासाठी होती. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करत, त्यांची निगा राखणारे चित्तेवान असत. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, पण आमच्या माळावर कुणी ते आणणार नाही. इथली काळविटं अजून त्या गेलेल्या जनावराच्या हिशेबानं पळतात आणि पळता पळता कठडा नसलेल्या विहिरीत पडतात.

विहिरीचं सांगायलाच हवं, कारण माझी मोठी चूक तिथली आहे.

२०११ चा मे महिना. पहाटे सहाला सरपंचांचा फोन. शिवारातल्या एका विहिरीत काळवीट पडलंय, जिवंत आहे. मी पोचले तेव्हा विहिरीभोवती तीनशे तरी माणूस. सहा परस खोल, कच्ची, कठडा नाही. तळाला कमरेएवढं पाणी आणि त्यात एक तरणा नर गोल गोल फिरतोय, मधूनच कडेच्या दगडावर पुढचे पाय टेकायचा प्रयत्न करतोय. दोन पोरं दोर बांधून उतरली. जाळी कुठून आणायची असा प्रश्न होता. जवळच धनगरांचा वाडा उतरला होता. त्यांनी वाघर आणून दिली. रात्री मेंढरं कोंडायला भोवती लावतात ती सुताची जाळी. तिची झोळी करून काळवीट वर काढलं. पोरं शिट्ट्या मारत होती, टाळ्या पडत होत्या, कुणी मोबाइल त्याच्या तोंडाजवळ नेत होतं.

वाघरीतून सोडवलं तेव्हा ते उभं राहिलं. हे मला आजही स्पष्ट आठवतं. चार पायांवर उभं राहिलं, लडबडलं, पुन्हा सावरलं. समोर मोकळा माळ होता. मला फक्त लोकांना बाजूला करायचं होतं.

मी डॉक्टर होते ना. गुडघा सोललेला दिसला. मी त्याला आडवं पाडायला सांगितलं, पाय बांधले, जखम धुतली, प्रतिजैविक टोचलं, शीर शोधून सलाइन लावलं. माझ्या तळव्याखाली त्याचं काळीज असं धडधडत होतं की ठोके मोजताच येईनात. लोक कौतुकानं बघत होते. पंचवीस-सव्वीसाव्या वर्षी ते कौतुक नको होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मग 'निरीक्षणाखाली' ठेवायचं म्हणून जीपमधून दवाखान्यात आणलं. दिवसभर खिडकीला पोरं लटकलेली.

संध्याकाळी ताप १०७ फॅरनहाइट. रात्री लघवी झाली ती काळ्या कॉफीच्या रंगाची. ती बघितल्यावर मला कॉलेजातलं पुस्तक आठवलं, त्यातला एक परिच्छेद, ज्यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नव्हता. रानटी खुरवाल्या जनावराला धरलं, बांधलं, भेदरवलं की त्याचे स्नायू जिवाच्या आकांतानं काम करतात, रक्तातलं आम्ल वाढतं, स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबवतं. जनावर तासाभरात मरतं किंवा दोन-चार दिवसांनी मरतं. आजार बाहेरून आलेला नसतो. पकडणाऱ्याच्या हातानं आलेला असतो. रात्रभर सोडिअम बायकार्बोनेट आणि सलाइन चालू ठेवलं. सकाळी त्याला उठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मेलं, आणि शवविच्छेदनही मीच केलं. मांडीचा स्नायू लाल असायला हवा. तो उकडलेल्या मांसासारखा पांढुरका होता. अहवालात 'पकडताना आलेल्या ताणामुळे स्नायूंचा ऱ्हास' असं लिहिलं. कुणी पकडलं, ते लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

पुढच्या चार वर्षांत अशी आणखी पाच जनावरं विहिरीतून काढली. दर वेळी आधी गावाला शंभर पावलं मागे ढकलायचं, मगच पोरं खाली उतरवायची. वर आलं की पहिल्यांदा डोळ्यांवर काळं फडकं. नसेल तर माझी ओढणी. कुणी बोलायचं नाही. पाय बांधायचे नाहीत. हाड मोडलेलं नाही ना, एवढं हातानं चाचपून बघायचं आणि रस्त्याकडे पाठ, माळाकडे तोंड करून सोडायचं. खरचटलेला गुडघा खरचटलेला राहू द्यायचा. पाचांतली तीन माझ्या डोळ्यांदेखत कळपात गेली. एक दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेलं सापडलं, एकाचा पत्ता लागला नाही. गावात मात्र माझी किंमत जरा उतरली. "मॅडम आता इंजेक्शनबी देत न्हाईत," अशी तक्रार एकानं चहाच्या टपरीवर केल्याचं परिचरानं मला आवर्जून सांगितलं.

धनगरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरून पावसाळ्याच्या तोंडावर परत येणारे वाडे आमच्याकडे होते, त्यांची मेंढरं टोचायला मी माळावर जायची. कुसळी गवत पिकलं की त्याची अणकुचीदार बीजं मेंढराच्या लोकरीत शिरतात, मग कातडीत, मग गाठी होतात. त्या फोडण्यात एक अख्खा दिवस जायचा. अशाच एका दिवशी ज्वारी काढायला आलेली एक बाई पाटीत काळविटाचं पाडस घेऊन आली. कापणी करता करता सापडलं, आई दिसत नव्हती, कुत्री नेतील म्हणून उचललं. पाडस इतकं निपचित होतं की मला आधी ते मेलेलंच वाटलं. नाक ओलं, डोळे टक्क उघडे, अंगाला वास म्हणून नाही. मी मनातल्या मनात दूध किती पातळ करायचं याचा हिशेब मांडायला लागले होते.

वाड्यावरची एक म्हातारी लोकर वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जिथनं उचललंस तिथं ठिव. आई तिथंच उभी आसंल, तुझी वाट बघत. कधी जाते म्हून."

पाडस जन्मल्यावर पहिले काही दिवस आईच्या मागे पळत नाही. गवतात दबून पडून राहतं आणि आई लांब चरते, मुद्दाम लांब, म्हणजे लांडग्याला माग लागू नये. दिवसातून काही वेळा येऊन पाजते. आम्हाला जे बेवारस वाटतं ते पाडस आईनं ठेवलेलं असतं. त्या बाईला मागे बसवून मी स्कूटीवरून ते शेत गाठलं, अर्धवट कापलेल्या ज्वारीच्या ओळीशेजारी पाडस ठेवलं आणि दोन शेतं ओलांडून बांधाआड बसलो. पाऊण तास. बाईला कामाचा खाडा होत होता, तिची चुळबूळ चाललेली. मग पिंगट मादी आली, तीही सरळ नाही, लांबून वळसा घालत. माणसाचा हात लागला की आई पिलाला घेत नाही, असं मला गावातल्या दहा जणांनी दहादा सांगितलंय. या मादीनं ते हुंगलं आणि पाजलं. त्यानंतरही दोनदा मी हे पाहिलं.

लांडग्याबद्दल धनगर फारसं बोलत नसत. कोकरू गेलं की गेलं. कुत्र्यांबद्दल मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, आणि माझ्या नोंदवहीचा कौलही तोच होता. गाव वाढलं, रस्त्याकडेला कोंबडीची दुकानं आली, त्यांचा कचरा ओढ्यात पडायला लागला, त्यावर कुत्र्यांची टोळकी पोसली गेली. काळवीट कुत्र्याच्या हाती सहसा सापडत नाही, पण गाभण मादी सापडते, पाडस सापडतं, तारेच्या कुंपणात अडकलेला नर सापडतो. वाघ-बिबट्याच्या मुलखात डॉक्टरांना काय दिसतं मला माहीत नाही. माझ्या माळावर सगळ्यात धोकादायक शिकारी प्राणी गावातल्या उष्ट्यावर जगत होता, आणि त्याच्या निर्बीजीकरणासाठी पत्रं लिहून लिहून माझा हात दुखला.

२०१२-१३ चा दुष्काळ आला तेव्हा अभयारण्याची हद्द नावालाही उरली नाही. तालुक्यात चारा छावण्या लागल्या. हजार-हजार जनावरं एका माळावर दावणीला, वर शेडनेट, खाली शेणाचा चिखल. माझी ड्युटी छावणीत. कारखान्याकडून येणारा ऊस आणि वाढे दिवसा वाटले जायचे, रात्री ट्रकमधून सांडलेलं वाढं वाटेवर पडून राहायचं. एका रात्री दोनच्या सुमारास पोटफुगीच्या म्हशीसाठी उठले आणि बॅटरी फिरवली तर छावणीच्या कडेला हिरवट डोळ्यांची रांग. सात काळविटं वाढं खात होती. खाटेवर जागा असलेला एक माणूस, ज्याची चार जनावरं त्याच वाढ्यावर जगत होती, त्यानं माझ्या बॅटरीवर हात ठेवला. "खाऊ द्या," म्हणाला, "त्यास्नी कोण छावणी काढणार?" दुसऱ्या दिवशी त्याच माणसानं वाढं कमी मिळालं म्हणून छावणीचालकाशी हातघाईवर येऊन भांडण केलं, हेही सांगायला हवं. नाहीतर तो उगाच साधू वाटायचा.

अभयारण्याच्या पाणवठ्यांत तेव्हा टँकरनं पाणी सोडत. तरी सगळी काळविटं आत राहिली असं झालं नाही, एरवीही होत नाही. पावसाळा संपला की आतलं न चरलेलं गवत कमरेएवढं वाढतं. काळवीट डोळ्यांवर जगणारं जनावर. लांबचं दिसलं पाहिजे, तर त्याला चैन. उंच गवतात ते बावरतं. मग ते बाहेर येतं, मेंढरांनी कुरतडून आखूड केलेल्या गायरानावर, पडीक रानात आणि अर्थात तुरीत. कागदावरची हद्द साडेपाचशे एकरांची, जनावराची हद्द मात्र आसपासच्या गावांचं शिवार. त्या शिवाराच्या सातबारावर जे 'पोटखराबा' म्हणून लिहिलेलं असतं, तेच त्याचं घर.

पोटखराबा हा शब्द मला फार खटकायला लागला. ज्या जमिनीत नांगर लागत नाही ती खराब. तिच्यावर पवना, मारवेल, कुसळी उगवते, मेंढरं जगतात, खोकड बिळं करतं, माळटिटवी उघड्यावर अंडी घालते आणि आपण जवळ गेलो की लंगडी पडायचं नाटक करते. तरी ती रिकामी. रिकामी दिसली की माणसाला तिथे काहीतरी करावंसं वाटतं. एका पावसाळ्यात वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम झाला, सगळ्या कार्यालयांना माणसं पाठवायचा आदेश होता. मीही गेले, गायरानावर आखलेल्या खड्ड्यात एक करंज लावला, फोटो काढून घेतला. झाडं जगली तर खालचं गवत सावलीनं मरतं, आणि झाडांच्या रांगांतून काळविटाला पलीकडचं दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. तरी लावला. पुढच्या उन्हाळ्यात तो वाळला. ही बातमी मी कुणाला आनंदानं सांगू शकले नाही, पण आनंद झाला होता.

याच पट्ट्यात माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं होतं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात, कर्जतही त्यात. एवढ्या मोठ्या अभयारण्यात शेतं, गावं, रस्ते, साखर कारखाने सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या, राग त्या बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आज त्याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आणि २.१७ चौरस किलोमीटरच्या रेहेकुरीत काळविटं टिकली, वाढली. लहान अभयारण्य चांगलं, असा याचा अर्थ मी काढत नाही. काळवीट तूर खाऊन जगतं आणि माळढोक जगत नाही, हा मोठा फरक आहे. शिवाय तूर खाऊ देणारी माणसं अजून आहेत. पण कुकडीच्या कालव्याचं पाणी जिथे जिथे पोचलं तिथे उसाचा फड उभा राहिला आणि गायरानाच्या कडा दर वर्षी एकेक तास आत सरकताना मी पाहिल्या. ऊस काळविटाला तुरीसारखा नाही. तो भिंतीसारखा आहे.

पहिल्या शवविच्छेदनातला तो शेतकरी पुढे माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं येत राहिला. भरपाई मिळाली, पण त्यानं मागितली त्याच्या निम्मीही नाही, आणि त्यासाठीच्या खेपांचा एसटीचा खर्च त्यानं मला तिकिटांसकट दाखवला होता. तरी तुरीची एक पट्टी तो अभयारण्याच्या बाजूला पेरायचाच. "ती त्यांची धरून चालतो," म्हणायचा. वर लगेच पुस्ती, "बाकीच्यात आली तर मात्र गोफण हाय." एकदा त्याच्या गाईच्या बाळंतपणाला मी पहाटेपर्यंत थांबले होते, तेव्हा त्यानं घरामागच्या बांधावरून मला त्याच्या त्या पट्टीत उभी असलेली चौदा काळविटं दाखवली. मोजून. त्याला रोज मोजायची सवय होती.

२०१५ मध्ये माझी बदली झाली. आता मी शहरात असते, कुत्र्यामांजरांचे मालक इंजेक्शन दिल्याशिवाय उठत नाहीत. रेहेकुरीला अजून दरसाल जाते, पाऊस संपून थंडी पडली की. पहाटे जावं, पायी फिरावं, गाडीतून काळवीट शोधू नये. वाटेत दोन्ही बाजूंच्या शेतांकडेही बघत जावं, निम्मी काळविटं तिथेच भेटतात. रस्त्यावर गाडी हळू घ्यावी. एक आडवं गेलं की थांबावं, मागून कळप असतो. विहिरीत जनावर पडलेलं दिसलं तर आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि मग लोकांना मागे हटवा. गवतात एकटं पाडस दिसलं तर त्याचा फोटोही काढू नका, आलात तसे मागे फिरा. तुम्ही तिथून जाईपर्यंत ते उपाशी राहतं.